आमच्या नाल्याची धोका पातळी किती?

कोल्हापुरातल्या कुठल्याही शाळकरी पोराला जुलै महिन्यात विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी किती? तो सांगेल, 39 फूट. धोका पातळी? 43. सांगलीत आयर्विन पुलाचे आकडे असेच तोंडपाठ असतात : 40 आणि 45. पाणी चढायला लागलं की हे आकडे फोनवरून फिरत राहतात. लोक त्यांवरून ठरवतात, म्हशी कधी सोडायच्या, दुकानातला माल वर कधी चढवायचा, आजीला कुणाकडे पाठवायचं.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या. आर्णी, महागाव, उमरखेड, दिग्रस, कुठेही. नाल्यावरच्या पुलाजवळ उभ्या असलेल्या माणसाला हाच प्रश्न विचारा. मी अरुणावतीच्या काठावर वाढलो, आणि हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे. उत्तर एकाच छापाचं येतं : "पाणी पुलावरून गेलं की धोका." म्हणजे धोका दिसला की धोका. त्याआधीचे तीन तास आमच्याकडे नाहीत.

हे तीन तास निसर्गाने आमच्याकडून काढून घेतलेले नाहीत. ते कुणी मोजले नाहीत, आणि जिथे मोजले तिथे ते आमच्यापर्यंत पोचवले नाहीत. पुराचा अंदाज हे आपल्याकडे मोठ्या नद्यांचं आणि मोठ्या शहरांचं शास्त्र होऊन बसलं आहे. आमच्या वाट्याला त्यातला शेवटचा कागद येतो. त्याचं नाव पंचनामा.

आधी हे शास्त्र कसं चालतं ते बघू, कारण ते काही जादूटोणा नाही. नदीवर वरच्या बाजूला एक ठिकाण घ्यायचं, खालच्या बाजूला एक. वर पाणी अमुक मीटरला पोचलं की खाली किती तासांनी किती चढतं, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची. मधल्या उपनद्या आणि मधला पाऊस धरून त्यात दुरुस्ती करायची. आता त्याला उपग्रहामार्फत आकडे पाठवणारी यंत्रं जोडली आहेत, आणि पावसाच्या अंदाजावरून पाण्याचा हिशोब मांडणारी गणितंही. केंद्रीय जल आयोगाने ही सुरुवात 1958 मध्ये दिल्लीत, यमुनेच्या जुन्या रेल्वे पुलापासून केली. आज देशात सव्वातीनशेहून जास्त ठिकाणांसाठी अंदाज निघतो. पातळीचा अंदाज प्रत्यक्षाच्या 15 सेंटीमीटर वर किंवा खाली एवढ्यातच बसला, तर तो बरोबर धरतात. एका वितीहून कमी चूक. हे कौतुकाचंच काम आहे.

आता नकाशा उघडा. यवतमाळ जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वाटांनी बाहेर जातो. उत्तर आणि पूर्वेकडचं पाणी बेंबळासारख्या नद्यांमधून वर्धेत उतरतं. पूस, अरुणावती, अडाण यांचं पाणी पैनगंगेत. पुढे पैनगंगाही वर्धेला मिळते आणि सगळं एकत्र होऊन चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळून वाहतं. तिथे जल आयोगाचं पूर-अंदाजाचं ठिकाण आहे. म्हणजे आमच्या शेतातून, घरातून, गोठ्यातून गेलेल्या पाण्याचा चोख अंदाज मिळतो. फक्त ते आमच्याकडून निघून गेल्यावर.

पैनगंगेचं पाणी जिल्ह्याच्या सीमेवरही मोजलं जातं, उमरखेड तालुक्यात मार्लेगावला आणि पुढे नागपूर–हैदराबाद महामार्गावरच्या पुलाजवळ. पण आमचा पूर बहुतेक वेळा पैनगंगा आणत नाही. तो आणतो गावाशेजारचा नाला. ज्याला सरकारी नकाशात कधीकधी नावही नसतं, आणि उन्हाळ्यात ज्यात पोरं क्रिकेट खेळतात.

याचा हिशोब करून बघा. समजा नाल्याचं पाणलोट 20 चौरस किलोमीटरचं आहे. त्यावर रात्री 100 मिलिमीटर पाऊस पडला. झालं 20 लाख घनमीटर, म्हणजे 200 कोटी लिटर पाणी. जूनमध्ये काळ्या मातीच्या भेगा त्यातलं बरंच पिऊन टाकतात. जुलैच्या मध्यापर्यंत माती फुगून भेगा मिटलेल्या असतात, खाली बेसॉल्टचा कातळ. अशा वेळी अर्धं पाणी जरी तीन तासांत वाहून आलं, तरी सेकंदाला 90 घनमीटरच्या वर होतं. त्या नाल्यावरचा पूल कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन-चार सिमेंटचे पाइप, वर रस्ता, कठडा असला तर असला. पाइपांच्या तोंडाशी काडीकचरा आणि वाहून आलेलं एखादं बाभळीचं झाड अडकलं की पूल हाच बांध होतो.

या तीन तासांत हवामान खातं आम्हाला काय सांगतं? "यवतमाळ : ऑरेंज अलर्ट." माझं भांडण हवामान खात्याशी नाही. त्यांचे अंदाज खूप सुधारले आहेत. पण यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा आहे. तीन गोवे त्यात बसवून वर जागा उरते. सोळा तालुक्यांना एक रंग. वणीत ऊन आणि पुसदला ढगफुटीसारखा पाऊस, हे आम्ही दरवर्षी बघतो. त्या नारिंगी रंगावरून आनंदनगरच्या माणसाने काय ठरवावं?

आनंदनगर म्हटलं की काहींना आठवेल. 22 जुलै 2023. महागाव तालुक्यातल्या या तांड्याला पाण्याने वेढलं. 45 माणसं अडकल्याची बातमी राज्यभर गेली, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवली गेली, राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने माणसांना बाहेर काढलं. सुटका करणाऱ्यांना सलाम. पण हेलिकॉप्टर बोलवावं लागणं हे इशारा कमी पडल्याचं लक्षण आहे, हे आपण विसरून जातो. त्याच्या दोनच दिवस आधी, 20 जुलैला, अनेकांचे फोन अचानक कर्कश वाजले होते आणि पडद्यावर आणीबाणीचा संदेश आला होता. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. म्हणजे फोन वाजवता येतो हे सरकारला माहीत होतं. कुणाचा, कधी, आणि काय सांगून, एवढंच उरलं होतं.

दुसरी तारीख, 28 सप्टेंबर 2021. उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून जाणारी नांदेड–नागपूर एसटी पुरात वाहून गेली. काहींना वाचवलं, काही गेले. तो पाऊस आकाशातून अचानक टपकला नव्हता. गुलाब चक्रीवादळ 26 तारखेला आंध्र–ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं होतं, त्याचा उरलेला जोर पश्चिमेकडे सरकत होता आणि हवामान खातं त्यावर डोळा ठेवून होतं. बंगालच्या उपसागरातलं वादळ दोन दिवस आधी दिसत होतं. दहागावच्या पुलावर किती पाणी आहे हे मात्र एसटीच्या काचेतूनच बघायचं होतं. नंतर सगळी चर्चा चालकाने गाडी का घातली यावर येऊन थांबली. मला वाटतं, प्रश्न पुलाला विचारायला हवा होता. तिथे पातळीचा खांब का नव्हता? वरच्या बाजूला पाऊस मोजला गेला तर त्याचा निरोप बसस्थानकापर्यंत का आला नाही?

आणि पाऊस मोजला जातो! खरा संताप इथेच आहे. राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. पाऊस चालू असतानाच ती आकडे पाठवू शकतात. या आकड्यांचं मोठं काम कोणतं? पीकविमा आणि नुकसानभरपाई. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पंचनामा, मग यादी, मग यादीत नाव नाही म्हणून तहसीलच्या चकरा. 2024 पर्यंत शेत खरडून गेलं की पीकविम्यासाठी शेतकऱ्याने 72 तासांच्या आत कळवायचं असायचं, नाहीतर दावा अडकायचा. शेतकऱ्याला मुदत होती 72 तास. त्याला इशारा द्यायला सरकारला मुदत किती? ती कुठल्या नियमात लिहिली आहे?

म्हणजे तेच यंत्र, तोच पाऊस, तोच आकडा. नुकसान झाल्यावर तो पुरावा ठरतो. नुकसान व्हायच्या आधी तो कुणाचा फोन वाजवत नाही.

धरणांचे इशारे घ्या. इसापूरचे किंवा बेंबळ्याचे दरवाजे उघडले की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेलं पत्र फिरतं : इतके दरवाजे, इतके सेंटीमीटर, इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावे? जागं राहावे? क्युसेक हा अभियंत्याने अभियंत्याला सांगायचा आकडा आहे. गावाला दोनच गोष्टी हव्या असतात. पाणी आमच्या पुलापाशी किती वाजता येईल, आणि कुठपर्यंत चढेल. मारुतीच्या पारापर्यंत, की शाळेच्या पायरीपर्यंत.

भाषेचंही तेच. जल आयोगाने 17 ऑगस्ट 2023 ला 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं अ‍ॅप आणलं. कल्पना चांगली, फोनवर देशभरच्या नद्यांची पातळी. आलं तेव्हा त्यात भाषा दोन होत्या, इंग्रजी आणि हिंदी. आमच्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात, झरी-मारेगावकडच्या पोडांवर कोलामी, कुठे गोंडी. तिथल्या म्हाताऱ्या माणसाच्या साध्या फोनवर अ‍ॅप उघडत नाही. त्याला फोन वाजून माणसाच्या आवाजात त्याच्या बोलीत चार वाक्यं ऐकू आली पाहिजेत.

यावर ठरलेलं उत्तर असतं : लहान नाल्यांच्या पुराचा अंदाज बांधणं शास्त्राला कठीण आहे. खरं आहे. उद्या नेमक्या कोणत्या पाणलोटावर किती पडेल हे आज सांगणं अवघडच. पण मी उद्याचं विचारत नाही. जो पाऊस पडून गेला आहे आणि नाल्यात उतरला आहे, त्याचं विचारतोय. तो भविष्यवाणीचा विषय नाही, निरोपाचा आहे.

दुसरं उत्तर असं की सारखे इशारे दिले तर लोक ऐकणं सोडतील. लोकांनी ऐकणं आधीच सोडलं आहे, कारण इशारा सगळ्या जिल्ह्याला असतो आणि पाणी एका गावात येतं. इशारा गावाचा असेल तर तो गावाला लक्षात राहतो.

हे खर्चिक आहे असंही कुणी म्हणेल. आसामच्या धेमाजी जिल्ह्याकडे बघा. आरण्यक ही तिथली संस्था आणि काठमांडूची इसीमोड यांनी डोंगरातून झपकन उतरणाऱ्या नद्यांवर वरच्या गावात पाण्याची पातळी ओळखणारं साधं उपकरण बसवलं. पाणी खुणेला लागलं की ते उपकरण सांभाळणारा माणूस खालच्या गावांना फोन करतो. एवढंच. या कामाला 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल यंत्रणेचा पुरस्कार मिळाला. उपकरण, एक माणूस, एक फोन. आमच्याकडे यातलं काय नाही?

आणि हे करायचं कुणी, याबद्दल गोंधळ नको. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असतं आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. दिल्लीची वाट बघायची गरज नाही. मोठ्या नद्या आयोगाने सांभाळाव्यात. नाला जिल्ह्याने सांभाळावा.

मागण्या चार आहेत. पाण्याखाली जाणाऱ्या प्रत्येक पुलावर रंगवलेला पातळीचा खांब, त्यावर पिवळी आणि लाल खूण, आणि ती खूण गावासोबत बसून ठरवलेली. मंडळातल्या पर्जन्यमापकाने तासाभरात ठरावीक पाऊस नोंदवला की खालच्या गावांना, तांड्यांना, पोडांना आणि जवळच्या एसटी आगाराला आपोआप फोन. धरणाच्या विसर्गाच्या पत्रात क्युसेकसोबत गावनिहाय वेळ. आणि प्रत्येक पुरानंतर एक पान जाहीर करायचं : इशारा कुणी दिला, किती वाजता दिला, पाणी किती वाजता आलं. पिकाचा पंचनामा होतो ना? मग इशाऱ्याचाही होऊ द्या.

हे तुम्ही फोनवर वाचताय. पाणी आलं की याच फोनवर पुलाचा रील निघतो आणि लाखभर लोक बघतात. यंदा पाऊस सुरू व्हायच्या आधी, नाला कोरडा असताना, त्याच पुलावर जा. गेल्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, टेपने मोजा, फोटो काढा आणि ग्रामसभेत ठेवा. सोबत एका ओळीचा अर्ज द्या : आमच्या नाल्याची धोका पातळी किती? उत्तर लेखी मागा. पोच घ्यायला विसरू नका.