चोच भिजावी, पोट भिजू नये



या पावसाळ्यात आलेली पत्रे चाळताना एका पत्रापाशी हात थांबला. पत्र कोकणातल्या एका ताईंचे. त्या लिहितात, "खुडूक कोंबडीखाली बदकाची बारा अंडी ठेवली होती. दहा पिल्ले निघाली. आठव्या दिवशी दोन-तीन पिल्लांची नाके चोंदली. श्वास घेताना घरघर आवाज येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर पाण्यात चोच घालून बसतात, सर्दी होणार नाही तर काय? म्हणून मी पाण्याचे भांडे काढून घेतले आणि बशीत थोडेथोडे पाणी देऊ लागले. ओव्याची धुरी दिली. तुळशीचा रस चोचीत सोडला. चार पिल्ले गेली. त्यातले एक तर रस पाजताना माझ्या हातातच गेले. धाकटी मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता सहा उरली आहेत. ती कशी जगवू?"

ताईंना टपालाने उत्तर लगेच धाडले. पण असे प्रसंग पुष्कळ घरी घडतात, म्हणून तेच येथे सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, ताईंनी हयगय केली नाही. घरातल्या लेकराला सर्दी झाली तर आपण जे करतो तेच त्यांनी मायेने केले. पण बदकाचे पिल्लू म्हणजे माणसाचे मूल नव्हे, आणि कोंबडीचे पिल्लूही नव्हे. त्याच्या नाकाची आणि छातीची रचना वेगळी आहे. ती समजली की अर्धे औषध हाती आले.

नाक का चोंदते?

बदकाच्या चोचीवर, बुडाशी, दोन नाकपुड्या असतात. पिल्लू कोरडी कणी, कोंडा खाते तेव्हा त्याचे पीठ या नाकपुड्यांत आणि डोळ्यांच्या कडांना बसते. ते धुण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. पिल्लू दोन घास खाते, पाण्याकडे धावते, डोळ्यांपर्यंत चोच बुडवते आणि फुर्रकन पाणी उडवते. ही शिंक आजाराची नव्हे, हे त्याचे नाक शिंकरणे आहे.

आता भांडे उथळ असले तर काय होईल? चोचीचे टोक भिजेल, नाकपुड्या कोरड्याच राहतील. पीठ ओलसर होऊन चिकटेल, वाळेल आणि बूच बसल्यासारखे होईल. डोळ्यांत चिपडे येतील. म्हणजे सर्दी झाली म्हणून पाणी काढून घेतले की चोंदलेले नाक आणखी चोंदते. आमच्याही घरी पहिल्या वर्षी हीच चूक झाली होती. पिल्ले बुडतील या भीतीने आम्ही कोंबडीच्या पिल्लांची उथळ बशी बदकांपुढे ठेवली आणि आठवडाभर त्यांचे डोळे पुसत बसलो.

तेव्हा पहिला नियम असा: पाणी दोन ते तीन इंच खोल हवे. पिल्लाचे डोके बुडावे, अंग बुडू नये. पत्र्याच्या जुन्या डब्याला बाजूने डोके आत जाईल एवढी भोके पाडावीत, पत्र्याच्या कडा हातोडीने मुडपून घ्याव्यात आणि डब्यात भोकांच्या खालपर्यंत पाणी भरावे. पिल्लू बाहेर उभे राहून चोच आत घालते. त्याला आत उतरता येत नाही.

ओली गादी, खरी वैरीण

मग पाण्याने काहीच बिघडत नाही का? बिघडते, पण पोटात गेलेल्या पाण्याने नव्हे, तर पोटाखाली साचलेल्या पाण्याने. बदक जेवढे पाणी पिते त्याहून जास्त सांडते. खालचे भाताचे तूस भिजते, त्यात विष्ठा मिसळते आणि दोन दिवसांत अमोनियाचा उग्र वास सुटतो. हा वास पिल्लाच्या नाकाच्या आणि श्वासनळीच्या नाजूक अस्तराला जाळतो. मग रोगजंतूंना वाट मोकळी होते.

याची परीक्षा सोपी आहे. पिल्लांच्या उंचीवर नाक नेऊन बघा. आपण उभे असतो तेव्हा वास कळत नाही, पिल्लू मात्र त्यातच चोवीस तास असते. खाली वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर तूस ताबडतोब बदला.

पाण्याचा डबा तुसावर ठेवू नका. एका कोपऱ्यात पसरट पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, त्यावर बांबूच्या कामट्यांची किंवा तारेची जाळी टाका आणि जाळीवर डबा ठेवा. सांडलेले पाणी ट्रेमध्ये उतरेल. तो रोज ओतून टाका. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लामागे एक चौरस फूट तरी जागा द्या. दाटी झाली की गादी लवकर ओली होते.

तूस नसेल तर पेंढा चालतो, पण त्याला बुरशी नको. कुबट वासाच्या पेंढ्यातून बुरशीचे कण उडतात आणि पिल्लांच्या फुप्फुसात जाऊन रुजतात. अशी पिल्ले मान ताणून, तोंड उघडे ठेवून धापा टाकतात, बहुधा आवाजही करीत नाहीत. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण त्यावर घरगुती उपाय नाही आणि दवाखान्यातही फारसा इलाज नाही. बुरशी घरात न येऊ देणे एवढेच हाती.

खाद्याचेही तसेच. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड बदकाच्या पिल्लांना विषासारखी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये अशीच पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, बदकाची पिल्लेही गेली. त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. या विषाने यकृत जाते. म्हणून "जनावरे खात नाहीत, पाखरांना घाला" असे पेंडीच्या बाबतीत कधी करू नका.

धुरी नको, रसही नको

पाखराच्या छातीत आपल्यासारखा पडदा नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. पिल्लाला मुठीत घट्ट धरले की छाती हलत नाही आणि ते गुदमरते. म्हणून पिल्लू तळहातावर बसवावे, वरून दुसरा हात नुसता आडोशासारखा धरावा.

श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते. आपण चोच उघडून रस ओततो तो पोटात न जाता सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. ताईंचे पिल्लू हातातच गेले ते बहुधा यामुळेच. तेव्हा पाणी असो, रस असो की औषध असो, चोचीत ओतू नका. पिल्लू स्वतः पिईल असे करा.

धूर पाखरांना फार बाधतो. ओव्याची धुरी, कापूर, लसणीचे कढत तेल, छातीला लावायचे मलम, हे सारे लेकरांसाठी राहू द्या. पिल्लांची पेटी चुलीजवळ उबेसाठी ठेवण्याचीही रीत आहे. ऊब मिळते हे खरे, पण धूरही मिळतो. पेटी चुलीच्या खोलीबाहेर ठेवा.

आजारी पिल्लासाठी काय करावे?

नाक चोंदलेले पिल्लू लगेच वेगळे काढा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे, स्वच्छ फडके घाला. शेजारी एक धट्टेकट्टे पिल्लू दिसेल-ऐकू येईल इतपत अंतर असू द्या, नाहीतर ते एकटेपणाने ओरडून दमते.

स्वच्छ पाणी उकळून कोमट करा. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, नाकपुडीवर थोडा वेळ धरा. वाळलेले बूच मऊ झाले की बाहेरच्या बाजूला पुसून घ्या. काडी, सुई नाकात घालू नका. डोळ्यांसाठी नवा बोळा घ्या. हे मिठाचे पाणी पुसण्यापुरतेच. ते पिण्यात येऊ देऊ नका, कारण जास्त मीठ पिल्लांना सोसत नाही.

नंतर साधे कोमट पाणी खोलगट वाटीत पुढे धरा. पिल्लू स्वतः चोच बुडवून शिंकरील. त्याने दोन-चारदा तसे केले की पुष्कळदा नाक मोकळे होते. मग लगेच अंग कोरडे करून उबेत ठेवा.

ऊब पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश सेल्सिअस हवी, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करावी. घरी तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर गारठली आहेत. कडेला पळून सगळीच चोच उघडून धापत असतील तर उकडते आहे. सैल पांगून झोपली असतील तर बरोबर आहे. एक खबरदारी: एलईडी दिव्याला उजेड असतो, ऊब नसते. जुन्या पद्धतीचा तारेचा ६० वॅटचा बल्ब लागतो. तो तुसापासून दीड फूट उंच, पक्का बांधा.

कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना आणखी जपावे लागते. खाकी कॅम्पबेल जातीची मादी क्वचितच खुडूक बसते, म्हणून आपण कोंबडी बसवतो. ती बिचारी एकवीसऐवजी अठ्ठावीस दिवस बसते आणि मनापासून सांभाळते. पण बदकाच्या मादीच्या तेलकट पिसांखाली पिल्लू जसे झटकन सुकते तसे तिच्याखाली सुकत नाही. म्हणून पहिले तीन-चार आठवडे पिल्लांना डबक्यात, पावसात सोडू नका.

खाद्य कोरडे न देता पाणी शिंपडून भुरभुरीत ओलसर द्या. तासाभरात संपेल एवढेच द्या आणि उरलेले काढून टाका. आंबलेले खाद्य पुन्हा पुढे ठेवू नका.

दवाखान्यात केव्हा जावे?

नाक साफ केल्यावर, गादी बदलल्यावर एका दिवसात फरक दिसला पाहिजे. तो न दिसला, किंवा पुढीलपैकी काही आढळले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा: श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणे, विष्ठा हिरवट पातळ होणे, मान किंवा डोके थरथरणे, पाय लटपटणे, खाणे सोडणे, एकामागून एक पिल्ले आजारी पडणे. एक ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना जंतूंचा असा आजार होतो आणि वेळेवर योग्य औषध मिळाले तर पिल्ले वाचू शकतात. मात्र शेजाऱ्याकडे उरलेली कोंबड्यांची गोळी पाण्यात घालू नका. कोणते औषध, किती, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पिल्लू दगावले तर ते पिशवीत बांधून लगेच दवाखान्यात न्या. मेलेल्या पिल्लाच्या तपासणीवरून मागे राहिलेल्यांचा इलाज ठरतो.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्ल्यू आढळला. बदके हा रोग अंगावर वागवूनही कधीकधी धडधाकट दिसतात. दोन-चार दिवसांत कोंबड्या-बदके पटापट मरू लागली तर विकू नका, खाऊ नका, ओढ्यात फेकू नका. दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवा. एरवीही आजारी पिल्लू हाताळताना नाकातोंडाला फडके बांधा, नंतर हात साबणाने धुवा. मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका. आधी निरोगी पिल्लांचे दाणापाणी करा, आजाऱ्यांकडे शेवटी जा. कोंबड्या आणि बदके एका खुराड्यात ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिल्लांसाठी एवढा खटाटोप? पण हिशेब करून पाहा. यात औषधाचा खर्च जवळजवळ नाही. एक जुना डबा, कामट्यांची जाळी, कोरडे तूस आणि सकाळ-संध्याकाळ वाकून घेतलेला एक वास, एवढेच भांडवल. त्यावर तगलेली मादी पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते.

त्या ताईंचे दुसरे पत्र परवा आले. डबा भोके पाडून केला, गादी बदलली, पेटी चुलीपासून हलवली. सहापैकी एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले. पाच राहिली आणि आता अंगणभर फिरतात. रोज वाकून वास घेण्याचे काम धाकट्या मुलीने आपणहून स्वतःकडे घेतले आहे. सासूबाईंनी जाळीसाठी कामट्या तासून दिल्या. पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "गेलेल्या पाचांची चुटपुट लागते. पण का गेली ते आता कळले."

वाचकहो, हे कळणेच पुढल्या पिल्लांना वाचवते. म्हणून पेटीच्या झाकणावर कोळशाने लिहून ठेवा: चोच भिजावी, पोट भिजू नये.

पुढच्या अंकात: पिल्लांना तळ्यावर केव्हा आणि कसे सोडावे.