मुलगी ‘सप्लाय चेन’ घेते म्हणते...

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच बदलतो. एरवी लोणच्याला बुरशी का आली, मूल जेवत नाही, जाऊबाई धड बोलत नाहीत, असे प्रश्न असतात. निकालानंतर मात्र कुठलंही पाकीट उघडावं, आत एकच प्रश्न: “पुढं काय?” यंदा त्यात एक नवं नाव वरचेवर दिसतंय. एका भगिनीचं पत्र थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देते.

“मुलीला बारावी कॉमर्सला ७४ टक्के मिळाले. तिनं सीईटीही दिली आहे. तिला पुण्याला जाऊन बी.बी.ए. करायचंय आणि त्यात ‘लॉजिस्टिक्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट’ असा विषय घ्यायचाय. ह्यांचं म्हणणं, ट्रकात माल चढवायला आणि पोती मोजायला पदवी कशाला? आणि मुलीला गोदामात कोण ठेवून घेणार? सासूबाई म्हणतात, सरळ बी.कॉम. कर, मग बी.एड. कर. मला यातलं काही कळत नाही, म्हणून मी गप्प बसते. पण अशी गप्प बसले तर कॉलेजांची पसंती भरायची तारीख निघून जाईल. काय करू?”

ताई, माहिती नसली की माणूस गप्पच बसतो. तेव्हा आज आधी माहिती घेऊ, मग कोणाचं बरोबर ते पाहू.

हे आहे तरी काय?

सप्लाय चेन म्हणजे पुरवठ्याची साखळी. हे नाव १९८२ साली कीथ ऑलिव्हर या सल्लागारानं वापरलं आणि पुढं रूढ झालं. काम मात्र फार जुनं आहे. सप्टेंबर महिन्यात तुम्ही पोह्याला चिरता तो कांदा घ्या. तो निघालेला असतो एप्रिल-मे महिन्यात, रब्बीचा. त्यानंतर तो कांदाचाळीत राहतो, लासलगावसारख्या बाजारात त्याचा लिलाव होतो, निवड होते, गोणीत भरला जातो, ट्रकनं शहरात येतो आणि मग भाजीवाल्याच्या गाडीवर. खरिपाचा नवा कांदा बाजारात यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. तोवर चाळीतला माल पुरवायचा. किती विकायचा, किती ठेवायचा, सडला तर तोटा कोणी सोसायचा, ट्रक कधी लावायचा, हे प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ठरवत असतं. कुठं चुकलं की आपण बिनकांद्याचे पोहे खातो, नाहीतर शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या दंडाला टोचलेलं आहे. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्ड लशीची पहिली खोकी निघाली. ती लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. कारखाना, विमान, जिल्ह्याचं शीतगृह, आरोग्य केंद्राचा फ्रीज, नर्सबाईंचा बर्फाचा डबा, असा तिचा प्रवास. मध्ये एका जागी हयगय झाली तर पुढचं सगळं फुकट.

ट्रकात माल चढवणं हा या साखळीतला एक दुवा झाला. सगळे दुवे एकमेकांना धरून राहतील असं पाहणं, हा या पदवीचा विषय.

अभ्यासाला काय असतं?

सुरुवातीला हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा, म्हणजे बी.कॉम.च्या मुलीला ओळखीचे वाटावेत असे विषय. पुढं खरेदी, साठा, वखारीची व्यवस्था, वाहतूक, मागणीचा अंदाज, आयात-निर्यातीची कागदपत्रं आणि कॉम्प्युटरवरची कामं.

आपण म्हणू, यात काय, वाणसामानाची यादी आम्ही वीस वर्षं करतोय! अर्धं खरं आहे. आपण ते अंदाजानं करतो. अंदाज चुकला तर त्याची किंमत किती, ते आपण मोजत नाही. ते मोजायला इथं शिकवतात.

एक नमुना देते. समजा, एका बाईंची खानावळ आहे आणि वर्षाला १२०० किलो तांदूळ लागतो. तांदूळ आणायचा म्हणजे दर खेपेला टेम्पो-हमाली १५० रुपये. आणि एक किलो तांदूळ वर्षभर घरात ठेवायचा तर जागा, कीड, अडकलेला पैसा धरून ४ रुपये पडतात. आता तांदूळ कितीदा आणावा?

दर महिन्याला १०० किलो आणला तर १२ खेपांचे १८०० रुपये. घरात सरासरी ५० किलो पडून, त्याचे २००. एकूण २००० रुपये. सगळा एकदम आणला तर खेपेचे १५०, पण सरासरी ६०० किलो घरात, त्याचे २४००. एकूण २५५० रुपये. आणि ३०० किलो, वर्षातून चारदा आणला तर? खेपांचे ६००, साठ्याचे ६००, एकूण १२०० रुपये. यापेक्षा कमी होतच नाही. हा ३०० चा आकडा काढायचं सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन माणसानं १९१३ साली मांडलं आणि आजही ते अभ्यासाला आहे. खानावळीत वाचले आठशे-तेराशे रुपये. कारखान्यात हजारो सुट्या भागांसाठी हेच गणित केलं तर किती वाचतील, तुम्हीच पाहा.

दुसरी गोष्ट बाळाच्या डायपरची. गल्लीतल्या चौघींनी ‘उद्या मिळाले नाहीत तर’ म्हणून एकेक पुडा जास्त घेतला. दुकानदाराला वाटलं, मागणी वाढली. त्यानं दहा जास्त मागवले. घाऊक व्यापाऱ्यानं पन्नास, आणि कारखान्यानं पाचशे जास्तीचे काढले. बाळं तेवढीच आणि त्यांचे लंगोटही तेवढेच! मग माल पडून राहतो आणि सगळे मागवणंच थांबवतात. चाबकाची मूठ जराशी हलवली तरी टोक सपकन लांब जातं, म्हणून इंग्रजीत याला चाबकाचंच नाव आहे, ‘बुलव्हिप’. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला पॅम्पर्सच्या बाबतीत हेच दिसून आलं होतं. हे समजावायला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमारास एक खेळ तयार झाला. चारजणांनी दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार व्हायचं आणि एकमेकांशी न बोलता माल मागवायचा. त्याचं नाव ‘बिअर गेम’. मुलीच्या तोंडी हे नाव ऐकून दचकू नका, तो वर्गातला खेळ आहे आणि त्यात ग्लास नसतो.

मुलीच्या वडिलांच्या शंका

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवतायत. त्यांनी कुठली पदवी घेतली? उलट २०१० साली हार्वर्डच्या बिझनेस स्कूलनंच त्यांच्या कामाचा अभ्यास करून तो धडा म्हणून लिहिला. पण डबेवाल्याचं गिऱ्हाईक रोजचं, वाट रोजची. ज्या कारखान्यात चार देशांतून भाग येतात, तिथं पाठांतर पुरत नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाट बंद झाली. मागं शेकडो जहाजं थांबली. अशा वेळी कुठला माल कमी पडेल, दुसरीकडून काय आणता येईल, हे टेबलाशी बसून ठरवणारी माणसं लागतात.

आपल्याकडे हे काम वाढायला आणखी एक कारण झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी करापायी कंपन्या राज्याराज्यात लहान लहान गोदामं ठेवत. नंतर मोक्याच्या जागी मोठी गोदामं ठेवणं परवडू लागलं. भिवंडी पाहा. चाकणचे कारखाने, न्हावाशेवाचं बंदर हेही आहेच.

मुलींना काय काम मिळतं? खरेदी विभाग, साठ्याचं नियोजन, वाहतुकीची आखणी, आयात-निर्यातीची कागदपत्रं, मोठ्या हॉस्पिटलातलं औषधांचं भांडार. यातलं पुष्कळसं काम टेबलावरचं आहे. तरी खरं सांगते, पहिलं वर्ष-दोन वर्षं गोदामात उभं राहावं लागेल, पाळी असेल, आणि पगार सुरुवातीला बेताचाच. गोदाम न पाहिलेल्या मुलीचं कागदावरचं नियोजन कोणी ऐकत नाही. हे मुलीला आजच सांगा.

रात्रपाळीची धास्ती प्रत्येक आईला असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे स्त्रीला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती असली तरी तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकानं पाहायची असते. कारखान्यांचे नियम निराळे असतात, ते त्या त्या ठिकाणी विचारून घ्या.

पैसे भरण्याआधी हे विचारा

इथं मात्र आयांनी पदर खोचून पुढं व्हावं. विषय चांगला आहे म्हणून प्रत्येक कॉलेज चांगलं ठरत नाही. नुसती पाटी रंगवून फी दुप्पट करणारेही आहेत.

१) पदवीचं नेमकं नाव काय, आणि ती कुठल्या विद्यापीठाची? २०२४-२५ पासून बी.बी.ए., बी.एम.एस. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि आपल्याकडे त्यांना सीईटी लागू झाली. त्यावर काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम दुसऱ्या नावानं ठेवला. नाव आणि मान्यता कागदावर पाहा. उद्या स्पर्धा परीक्षेला बसायचं झालं तर मान्यताप्राप्त पदवीच चालते.

२) फीमाफी मिळेल का? ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक आणि सामाजिक-शैक्षणिक मागासवर्गातल्या ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर नाही, आणि खासगी विद्यापीठांनाही ते लागू नाही. तुमच्या मुलीची जागा यात बसते का, हे लेखी विचारा. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळा धरा.

३) प्रत्यक्ष काम किती? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२० मध्ये पदवीतच ॲप्रेंटिसशिप बसवण्याच्या सूचना काढल्या. लॉजिस्टिक्स सेक्टर स्किल कौन्सिलच्या साहाय्यानं काही कॉलेजांत अशी पदवी चालते. मुलगी कंपनीत शिकते आणि विद्यावेतनही मिळवते. ‘कंपन्यांशी करार आहे’ एवढ्या उत्तरावर उठू नका. मागच्या वर्षीच्या मुली कुठं गेल्या, किती महिने, किती विद्यावेतनावर, ते विचारा. जमलं तर त्यातल्या एकीशी बोला.

४) संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर शिकवायला नेमलेली माणसं आहेत का, की दर वर्षी नवी?

५) तीन वर्षं की चार? नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेता येते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पैशाची तजवीज त्या हिशेबानं करा.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं, तर सासूबाईंचं खरं. तेवढ्या फीत जवळच्या कॉलेजात बी.कॉम. करून पुढं एखादा पदविका अभ्यासक्रम केलेला बरा. पण उत्तरं पक्की आली, तर केवळ ‘गोदाम’ या शब्दाला भिऊन मुलीला अडवू नका.

आणि एक परीक्षा घरीच घ्या. वरचं तांदळाचं गणित मुलीला वडिलांसमोर करून दाखवायला सांगा, आकडे तुमच्या घरचे घालून. मी अर्धवेळ शिकवते, त्या वर्गातही पाहते, मुली गणिताला भितात असं आपणच ठरवून टाकतो. तिनं आकडे घेतले, वहीत दोन-तीन पर्याय करून पाहिले आणि पाचवा स्वतःहून काढला, तर तिला ह्यातली गोडी आहे. तिला कंटाळा आला, तर नावाला भुलली असेल, तेही आजच कळलेलं बरं. वडिलांचंही मत आकड्यांनी जितकं हलेल तितकं रडण्यानं हलणार नाही.

ज्यांच्या मुली अजून अकरावीत आहेत त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सीईटीचा फॉर्म बारावीच्या निकालाआधीच भरावा लागतो. तेव्हा हे बोलणं दिवाळीच्या सुट्टीतच होऊ द्या.

पुढच्या आठवड्यात, मुलीला परगावी वसतिगृहात ठेवताना खोली, जेवण आणि गेटच्या वेळा यांत काय काय पाहावं, ते लिहीन. ज्यांनी मुली ठेवल्या आहेत त्यांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.