वँगरॅटाचा बॉब रोझ

शहरातली जागा सोडून कोणी लहान गावाकडे निघाला, की आपण हळूच विचारतो, "काय झाले हो? काढून टाकले की काय?" अशा मंडळींना मी बॉब रोझची हकीगत ऐकवतो.

हा गडी ऑस्ट्रेलियाचा. तिकडचे फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखे नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण. बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर एक. हा एक गुण वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा.

मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबाने रोझला चार वेळा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. १९५३ चे अजिंक्यपदही पदरी पडले. आणि १९५५ चा मोसम संपताच, ऐन सत्ताविशीत, स्वारी वँगरॅटा नावाच्या गावी निघाली! कारण साधे, पोटापाण्याचे. मेलबर्नच्या लीगमध्ये १९३० पासून नियम होता, की खेळाडू कितीही मोठा असो, सामन्यामागे ठरल्या मर्यादेपलीकडे पैसे द्यायचे नाहीत. गावाकडच्या क्लबांना ती अट नव्हती. (वेतनश्रेणीचे दुःख आम्हा प्राध्यापकांना कोणी समजावून सांगायला नको!)

तिथे त्याचे काम कर्णधार आणि प्रशिक्षक असे दुहेरी. आठवडाभर शिकवायचे आणि सामन्याच्या दिवशी स्वतः मैदानात उतरून करून दाखवायचे. मास्तरांनाही वर्गाबरोबर परीक्षेला बसवावे, तसाच प्रकार. आमच्यातले किती बसतील, देव जाणे. वँगरॅटा रोव्हर्स हा क्लब त्या लीगमध्ये १९५० साली आलेला. नावावर अजिंक्यपद एकही नाही. रोझने १९५८ आणि १९६० असे दोनदा ते मिळवून दिले, आणि लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचे मॉरिस पदक दोन्ही वर्षी स्वतः पटकावले.

१९६४ मध्ये तो कॉलिंगवूडचा प्रशिक्षक झाला. त्याच साली अंतिम सामना चार गुणांनी गेला. १९६६ चा एका गुणाने, तोही बाजूच्या खांबाजवळच्या! १९७० मध्ये १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर मध्यंतराला ४४ गुणांची आघाडी होती. संध्याकाळी दहा गुणांनी हार.

आमचे एक स्नेही म्हणतात, "गावाकडचे अजिंक्यपद ते काय मोजायचे?" मला ते पटत नाही. ज्या १९६४ साली रोझ मेलबर्नात चार गुणांनी हरला, त्याच साली त्याचे जुने रोव्हर्स वँगरॅटात पुन्हा अजिंक्य ठरले होते, आणि १९६५ साली आणखी एकदा.