आधी रेघ, मग अक्षर

मोडी लिहायला बसलं की सर्वांत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. अक्षरं नंतर. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधीच हजर असते. तिच्याखाली, हात होता होईल तो न उचलता, अक्षरं एकापुढे एक सोडत जायचं. शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षराला काना-मात्रा लागली की कित्येकदा त्याचा मूळ आकारच पालटतो. चाळीस-पन्नास वर्षं देवनागरी गिरवलेल्या हाताला हे सगळं नव्यानं शिकवावं लागतं आणि पहिले काही आठवडे हात ऐकत नाही.

तरीही माणसं येतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गांत आणि गावोगावच्या लहानमोठ्या संस्थांमध्ये मोडी शिकवली जाते. इतिहासाचे विद्यार्थी असतातच; त्यांच्या बरोबरीनं बँकेतून निवृत्त झालेले असतात, मुलांची लग्नं उरकलेल्या गृहिणी असतात, वडिलांच्या ट्रंकेत सापडलेलं जुनं खत घेऊन आलेले शेतकरी असतात. घरून निघताना यांतल्या बहुतेकांना एकच प्रश्न विचारलेला असतो : आता या वयात कशाला?

ज्येष्ठांविषयी या स्तंभात मी अनेकदा लिहिलं आहे. आज मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पन्नाशीनंतर माणसानं एखादी अवघड विद्या हाती घ्यावी. जिच्यात आपण अगदी कोरे आहोत, जिच्यात चुका दाखवणारा गुरुजी आहे आणि जिचं फळ आपल्याखेरीज आणखी कुणाच्या तरी कामी येणार आहे, अशी. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी जे काही केलं जातं त्याला आपण विरंगुळा म्हणतो. नगरपालिका विरंगुळा केंद्रं बांधतात. तिथे कॅरम असतो, वर्तमानपत्रं असतात, सकाळी हास्यक्लब असतो. त्यानं करमतं, चार माणसं भेटतात आणि एकट्या माणसाला याचा केवढा आधार असतो हे मी जवळून पाहिलं आहे. पण साठीच्या माणसापुढे अजून वीस-पंचवीस वर्षं असू शकतात. एवढा काळ नुसता करमवून घालवायचा, हे मला पटत नाही.

अवघड म्हणजे किती अवघड, ते एका ओळीवरून पाहा. पेशवाईतल्या कागदावर सालाच्या जागी ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं आढळतं. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. पुढचे शब्द अरबी आकडे आहेत : इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. उलट्या क्रमानं बेरीज केली की ११६१ येतात. हे साल सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतची असेल तर ६००. म्हणजे ११६१ हे साल १७६० च्या जूनमध्ये सुरू होऊन १७६१ च्या जूनमध्ये संपतं. पानिपताचं वर्ष! दिवस कळण्यासाठी पुढे ‘छ’ येतो, तो चंद्राचा. त्याच्यापुढे मुसलमानी महिन्याची तिथी. म्हणजे एका तारखेपायी लिपी ओळखायची, अरबी अंक आठवायचे, बेरीज करायची, नक्षत्रांचा हिशोब धरायचा आणि एवढं करून आलेलं उत्तर मजकुराशी जुळतं का ते ताडून पाहायचं. ही जुळणी झाली की शिकणाऱ्याचा चेहरा असा काही उजळतो की वय विचारायचं भान राहत नाही.

आणि इथेच वयाचा एक मोठा फायदा समोर येतो, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. साठीतल्या माणसाला नवी अक्षरं पाठ व्हायला विशीतल्या मुलापेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. पण शब्दसंपत्ती आणि आयुष्यभर साठवलेली माहिती एवढ्या सहज उतरणीला लागत नाही. मी पाहिलेल्या एका वर्गात ‘मौजेदीवेकर्यातसासवड’ अशी सलग ओळ आली. एम. ए.ची एक हुशार मुलगी अक्षरं भराभर ओळखत गेली, पण शब्द कुठे तोडायचा तिथे अडली. मागच्या बाकावरचे एसटीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, “अगं, दिवे! दिवे घाटातलं दिवे. कर्यात सासवड.” त्यांना अजून निम्मी बाराखडी नीट येत नव्हती. त्या रस्त्यावर त्यांची नोकरी गेली होती, एवढंच. त्यापुढच्या कागदात धान्याचा हिशोब निघाला, तेव्हा खंडी म्हणजे वीस मण हे सांगायला शेतकरी घरातल्या एक बाई पुढे झाल्या. अक्षर तिचं, अर्थ यांचा, असं दोन तास चाललं. ती मुलगी जाताना काकांना म्हणाली, “काका, पुढच्या वेळी माझ्या शेजारीच बसा.”

मेंदूच्या शास्त्रानं या बाबतीत काय सांगितलं आहे? अमेरिकेत टेक्सासमधल्या डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकायला बसवलं, काहींना गोधड्यांचं कलाकुसरीचं शिवणकाम, काहींना दोन्ही. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने. दुसऱ्या एका गटानं तेवढाच वेळ एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ यांत घालवला. आणखी एका गटानं घरी बसून गाणी ऐकली, शब्दकोडी सोडवली. नवी कला शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफी करणाऱ्यांची, घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती वाढलेली दिसली. नुसत्या गप्पांच्या आणि कोड्यांच्या गटांत ती तशी वाढली नाही. आठवड्याला पंधरा तास हा आकडा ध्यानात घ्या. येता-जाता पाच मिनिटं मोबाइलवर कोडं सोडवणं आणि हे, यांत फार अंतर आहे.

आपल्या शेजारचाही एक दाखला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०१३ मध्ये आला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात एकभाषकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं दिसलं, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. यावरून कन्नड किंवा उर्दू शिकलात की आजार टळलाच, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्या माणसांनी त्या भाषा आयुष्यभर वापरल्या होत्या. शिकण्याला औषधाची गोळी समजून चालणार नाही.

याच संदर्भात कानांचं बोललंच पाहिजे. स्मृतिभ्रंशावरच्या लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येतील असे १४ धोके दिले आहेत. रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा यांच्या रांगेत मध्यम वयात कमी होणारं ऐकू येणंही आहे, आणि त्याचा वाटा मोठ्यांपैकी आहे. वर्गात ऐकू येत नाही म्हणून माणूस आधी मागे बसतो, मग प्रश्न विचारायचा थांबतो, मग यायचाच थांबतो. घरचे म्हणतात, बाबांना आता कशातच रस नाही. रस आहे हो, ऐकू येत नाही! चष्म्याला आपण लाजत नाही, मग श्रवणयंत्राला का लाजावं? नव्या छंदाचं साहित्य घेण्याआधी एकदा कान तपासून घ्या, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

मोडीच्याच मुलखातलं एक मोठं नाव मला इथे घ्यायचं आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. जन्म १८६५ चा. बडोदे संस्थानातली नोकरी संपवून ते १९२५ मध्ये निवृत्त झाले आणि कामशेतला राहायला आले. ‘मराठी रियासत’ या इतिहासग्रंथामुळे नाव झालेलंच होतं. उरलेलं आयुष्य मानमरातबात सहज गेलं असतं. त्याऐवजी वयाच्या पासष्टीच्या आसपास त्यांनी पेशवे दफ्तराचं काम अंगावर घेतलं. कापडात बांधलेल्या रुमालांतून कागद काढायचे, वाचायचे, निवडायचे. १९३० ते १९३४ या काळात त्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पुढे ऐंशी उलटल्यावर मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. सरदेसाई असामान्य होते, कबूल. पण त्यांच्या हाताखाली जे कागद वाचत बसले ती साधीच माणसं होती, आणि त्यांच्यावाचून एकही खंड निघाला नसता.

बायकांची अडचण वेगळी आहे आणि ती वयाची नाही. पन्नाशीच्या बाईला शिकायचं असतं. तिची दुपार कुणीतरी आधीच वाटून घेतलेली असते. नातवंडाची शाळेची बस, सासूबाईंचं औषध, पाहुणे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वदीतल्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. पोथी आपल्याला स्वतः वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती. गुलाबी लुगड्यांचे फोटो जगभर गेले. माझ्या मते त्या शाळेतली खरी शहाणपणाची गोष्ट तिची वेळ आहे. ती दुपारी भरते, शेतातलं आणि घरातलं काम आटोपल्यावर. आणि साऱ्या गावाला ठाऊक असतं की या वेळात आजीला हाक मारायची नाही. शहरातल्या सुशिक्षित घरांत तरी आईला अशी ठरलेली, कुणी न मोडायची वेळ मिळते का?

आता कामाचं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत महसुलाची, जन्ममृत्यूची जुनी दफ्तरं उघडली गेली. यांतल्या अनेक नोंदी मोडीत होत्या आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तहसील कार्यालयांनी मोडी जाणणाऱ्यांचा शोध घेतला, तेव्हा निवृत्त माणसंही पुढे आली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मी शिरत नाही. पण दोन बोटांत कागद धरून ‘हे काय लिहिलंय ते सांगा’ म्हणत समोर उभा असलेला माणूस, यापेक्षा मोठं शिकण्याचं कारण मला ठाऊक नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातच मोडीचे कोट्यवधी कागद आहेत. त्यांतले बहुतेक पेशवाई बुडाल्यानंतर कुणी धड वाचलेलेही नाहीत.

म्हणून नगरपालिकांकडे माझं मागणं आहे. विरंगुळा केंद्रात आठवड्यातून तीन दुपारी एक वर्ग भरवा; मोडीचा, शेजारच्या राज्याच्या भाषेचा, तबल्याचा, हिशोबाच्या संगणकाचा, गावाला जो हवा तो. तळमजल्यावर, भरपूर उजेडात. शिकवणाऱ्याला मानधन द्या आणि वर्षअखेरीला परीक्षा घ्या, कारण परीक्षा असली की घरचेही त्या वेळेला मान देतात. पुराभिलेख संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे : परीक्षा उतरलेल्या ज्येष्ठांची यादी करा, त्यांना दफ्तरखान्यात टेबल-खुर्ची द्या, पानामागे योग्य मोबदला ठरवा आणि कागद वाचायला द्या. माणसं तयार आहेत.