‘आरसेप’ नाकारला, सुरतचं भलं झालं का? खान्देशी कारागिरासाठी हिशेब वेगळा

सुरत : चिनी कापड शुल्काविना आलं तर आपले लूम बंद पडतील, अशी धास्ती सुरतच्या कापड व्यवसायाला होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’मधून अंग काढून घेतलं आणि ती टळली. उरलेल्या १५ देशांनी नोव्हेंबर २०२० मध्ये करारावर सह्या केल्या. १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला.

मग नुकसान काय झालं? आसियान, जपान, दक्षिण कोरियाशी भारताचे मुक्त व्यापार करार आधीपासूनच आहेत. ‘आरसेप’मुळे नवं दार उघडणार होतं ते मुख्यतः चीनचं. त्यामुळे बाहेर राहणं चुकलं असं म्हणता येत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. सुरत पॉलिस्टरवर चालते. विणणाऱ्याला यार्न स्वस्त हवं, यार्न बनवणाऱ्याला आयातीवर शुल्क हवं. चिनी कापड अडलं म्हणून यार्न स्वस्त होत नाही. तिकडे व्हिएतनामचा कपडेवाला चिनी कापड वापरून ‘आरसेप’च्या सवलतीत जपानला माल विकू शकतो.

लिंबायत, उधन्यात राहणाऱ्या नंदुरबार, धुळे, जळगावच्या कारागिराला या वादाचं नाव माहीत नसेल. लूम थांबला की गावाकडे जाणारा पैसा थांबतो, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक आहे. शुल्काच्या भिंतीने लूम वाचले. आता नवी यंत्रं आणि रास्त भावाचं यार्न मिळालं नाही, तर ती भिंत किती दिवस पुरणार?