बारा आणे बरे

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मणक्यातल्या इंजेक्शनचे काय काम, असे कोणी विचारील. विज्ञान शाखेतले मित्र तर हसतीलच. पण हा विषय औषधाचा आहे तितकाच शब्दांचाही आहे, आणि शब्दांवर आपला थोडाफार हक्क आहे असे मला वाटते.

'गादी सरकली', 'नस दबली', 'मणक्यात गॅप पडली' हे शब्द आज घरोघरी ऐकू येतात. दोन मणक्यांमधली चकती बाहेर डोकावते, नसेवर दाब येतो आणि कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत जाते. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला की कोणीतरी 'पाठीत इंजेक्शन' सुचवतो. रुग्णाला पालथे झोपवतात, कातडी बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बधिर करणारे औषध व स्टेरॉइड सोडतात. त्याच दिवशी माणूस घरी येतो. (बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेला पाठीत देतात ती भूल निराळी. कित्येक बायका पुढच्या कंबरदुखीचे खापर तिच्यावर फोडतात, पण तो वेगळा लेख होईल.) कल्पना नवी नाही. 1901 साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोघा डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाच्या बाजूने याच पोकळीत कोकेन सोडून पाहिले होते. स्टेरॉइड त्यात आले ते पन्नास वर्षांनी.

माझ्या मावशीला गेल्या दोन वर्षांत अशी दोन इंजेक्शने झाली. तिचा सारा जन्म भातलावणीत, म्हणजे वाकण्यात गेलेला. पहिल्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांनी दाखवायला गेलो. डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी विचारले, "मावशी, किती टक्के फरक आहे?" मावशीची शाळा चौथीपर्यंत. ती म्हणाली, "बारा आणे बरं हाय, सायेब." डॉक्टर हसले आणि कागदावर त्यांनी 75 टक्के लिहिले. हिशेब बिनचूक होता.

घरी आल्यावर तिची बहीण, म्हणजे माझी आई, तिला म्हणाली, "मग यंदा लावणीला उतरशील की." तेव्हा मावशी म्हणाली, "पडल्यावर बारा आणे. वाकल्यावर एक पै न्हाई."

"मग तसं सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"त्यांनी कुठं इचारलं वाकल्यावर कसं? आन येवढं केलं त्या माणसानं, तोंडावर कसं सांगायचं?"

पुढल्या खेपेला तोच कागद पाहून 'पहिल्याने गुण आला' असे ठरले आणि दुसरे इंजेक्शन झाले.

येथे कोणी खोटे बोलले नाही. मावशीने खरे सांगितले, डॉक्टरांनी खरे लिहिले. तरीही जे कळायला हवे होते ते कोणालाच कळले नाही. दुखणे केव्हाचे, काय करतानाचे, रात्रीचे की दिवसाचे, हे सारे त्या एका टक्क्यात विरघळून गेले. शिवाय आपल्याकडे डॉक्टरला 'बरं नाही' म्हणणे हा त्याचा अपमान समजतात. उपकार करणाऱ्याला नाही कसे म्हणायचे? या भिडेपोटी किती 'बरं वाटतंय' लिहिली गेली असतील कोण जाणे.

आणि 'बरं वाटतंय' खरे असले तरी पुरत नाही. अमेरिकेत 2014 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मणक्याची नळी अरुंद झालेल्या 400 रुग्णांपैकी अर्ध्यांना स्टेरॉइडसह आणि अर्ध्यांना नुसत्या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांना आधीपेक्षा बरे वाटत होते, आणि त्यांच्यात सांगण्यासारखा फरक नव्हता! म्हणजे रुग्णाचा अनुभव खरा, पण त्याचे श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतोच. 2025 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून डॉक्टर, संशोधक आणि प्रत्यक्ष दुखणेकरी एकत्र बसून तयार केलेली शिफारस आली. तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीला, कर्करोग, जंतुसंसर्ग किंवा सांध्यांचा दाह हे कारण नसेल तर, ही इंजेक्शने देऊ नयेत असे तिने ठाम सांगितले. इंजेक्शने देणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी त्यावर कडक आक्षेप घेतले आहेत. ताज्या सायटिकात काहींना काही आठवड्यांचा आराम मिळतो, हेही खरेच. घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे एवढेच, की 'किती दिवसांचा आराम मिळेल, नाही घेतले तर काय होईल, मधुमेह असेल तर साखर किती चढेल' हे सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे, आणि नंतर त्याचे उत्तर त्याच्याच भाषेत ऐकले पाहिजे.

मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली कॅनडात वेदनेची एक प्रश्नावली केली. त्याने नुसता आकडा विचारला नाही, तर दुखण्याची 78 विशेषणे गटागटाने रुग्णापुढे ठेवली. आपल्याला तर उसनवारीचीही गरज नाही. कळ, चमक, सणक, ठणका, ठसठस, उसण, लचक, मुंग्या, आग, भरून येणे, धरणे, अवघडणे! यातला प्रत्येक शब्द वेगळे काही सांगतो आणि दवाखान्याच्या कागदावर एकही उतरत नाही. तिथे सगळ्यांचे मिळून एकच, 'पेन'.

तेव्हा माझी मराठी विभागाला एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा एक वही घेऊन जाऊ आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना दुखण्याचे शब्द विचारू. कोणता शब्द केव्हा वापरता, बसल्यावर की वाकल्यावर, हेही लिहून घेऊ. ती वही तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन द्यायला मी तयार आहे. मात्र जाण्यापूर्वी थोडी तयारी हवी. उसण आणि लचक यांत फरक काय, असे मी वर्गात विचारले, तर तिघांनी तीन उत्तरे दिली आणि चौथ्याने पाठ पुढे करून दाखवली.