पाणंद

माउंटन बाईक घेतली म्हटल्यावर आमच्या आत्याचा पहिला प्रश्न, "कुरुळीला कुठला रे डोंगर?" प्रश्न रास्तच आहे. पुणे-नाशिक हायवेवर मोशीला इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या अलीकडे लागतं ते आमचं कुरुळी. तालुका खेड, पण दिसायला सगळा कारखान्यांचा मुलूख. कंपन्या, गोडाऊनं, वर्कशॉपं आणि मधेच राहिलेली कांद्याची, उसाची वावरं. डोंगर हवा तर भामचंद्र नाहीतर भंडारा गाठायचा, आणि कंपनी सुटल्यावर दिवस मावळायच्या आत ते काही होत नाही.

पण मंडळी, माउंटन बाईकला डोंगर लागतोच असं कुठाय? तिला माती लागते. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतल्या काही उनाड पोरांनी जाड टायरच्या जुन्या सायकली वणवा विझवणाऱ्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून उताराला सोडल्या, तिथून हा खेळ वाढला. आमच्याकडे तसा रस्ता म्हणजे पाणंद. शहरातल्या भाचरांसाठी सांगतो: पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना बांध, मधे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्या चाकोऱ्यांच्या मधे गवत. हीच शेताकडे जायची वाट.

आम्ही पाच जण दर बुधवारी संध्याकाळी निघतो. त्या वेळी हायवेवर चाकणकडून मोशीकडे कंटेनरची रांग लागलेली असते, आणि तिच्या कडेने साध्या काळ्या सायकलीवर, दिवा नसलेला, डबा लटकवलेला कामगार जीव मुठीत धरून चाललेला असतो. आम्ही मात्र शंभर पावलं आत वळलो की पाणंदीत. गायी परतत असतात, बायका गवताचे भारे घेऊन येत असतात. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी चिकटते की चाकच फिरत नाही. मग बांधावर बसून काडीने खरवडायचं, आणि तेवढ्यात जगभराच्या गप्पा. खरं सांगायचं तर व्यायाम कमी आणि हे बसणंच जास्त.

हेल्मेट घातलेले पाच जण बघून एकदा एका बाबांनी विचारलं, "काय पाव्हणं, पलाट बघाया आलाय व्हय?" नाही म्हटलं बाबा, नुसतं फिरायला. त्यांना काही पटलं नाही. त्यांचंही बरोबर आहे. गेली कित्येक वर्षं या वाटेने जो अनोळखी माणूस आला, तो जमीन बघायलाच आला.

आता माझा मुद्दा. या पाणंदी चालल्यात. कुणी मोठा डाव टाकून नेतोय असं नाही. ज्याची जमीन विकली गेली तो त्या वाटेने जायचा थांबतो, गवत वाढतं, बांध सरकतो, आणि एके दिवशी पत्र्याचं कंपाउंड उभं राहतं. आमच्या नेहमीच्या एका वाटेवर ते असंच उभं राहिलं. पलीकडे ज्यांचं वावर अजून आहे ते आता लांबून वळसा घालून जातात.

गावनकाशा बघा, आता तो महाभूनकाशावर घरबसल्या दिसतो. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते २१ फूट. एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. म्हणजे कागदावर वाट आहे! वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. खरी मेख इथे आहे. ज्या वाटेने कुणी फिरकतच नाही, तिथला अडथळा सहा महिन्यांत कळणार कुणाला? शासनाने मे २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण नोंद करायला वाट कुठून जाते ते सांगणारं माणूसही हवं ना.

म्हणून मला वाटतं की आमच्यासारख्या हौशी टोळक्यांचा इथे उपयोग आहे. आठवड्यातून एकदा पाच सायकली गेल्या तरी गवत दबतं, वाट दिसत राहते, आणि नवीन कुंपण सहा महिन्यांत नाही, आठवड्यात दिसतं. अर्ज अडवणूक झालेल्या शेतकऱ्याने करायचा, तो हक्क त्याचा, आपण मधे पुढारीपणा करू नये. पण "बाबा, तुमच्या वाटेवर पत्रा आलाय, सहा महिन्यांच्या आत अर्ज द्या" एवढं सांगता येतं. त्या कंपाउंडच्या वेळी आम्ही तेवढंच केलं, गावनकाशाची एक प्रिंटही नेऊन दिली. पुढे अर्ज गेला आहे.

काही मित्रांचं म्हणणं, शेतकऱ्यांच्या वाटा त्यांच्यासाठी, तुमच्या करमणुकीसाठी नाहीत. मान्य, अर्धं मान्य. इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवरून सायकल चालवायचा हक्क दिला, पण अट घातली की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी ही रीत घ्यायला काय हरकत आहे? जनावर दिसलं की उतरायचं. भारा घेतलेली बाई आली की सायकल बांधाला लावून उभं राहायचं. पेरलेल्यात चाक घालायचं नाही, हेडलाईट कुणाच्या तोंडावर मारायचा नाही, मोठ्याने गाणी नाहीत. एवढं पाळलं तर पाहुण्याला कुणी हाकलत नाही.

राहिला तो हायवेवरचा काळ्या सायकलीवाला. चिंबळी, मोई, निघोज्याच्या पाणंदी एकमेकींना धड जोडलेल्या राहिल्या, मुरूम टाकून नीट केल्या, तर तो तरी कंटेनरच्या कडेने कशाला जाईल? आमची हौस सोडा, त्याच्यासाठी तरी या वाटा उघड्या राहायला हव्यात.

असो. तुमच्याही गावाचा नकाशा काढून बघा एकदा. तुटक रेघा मोजा, आणि येत्या रविवारी त्यातल्या एकीवरून चालून या. सायकल नसली तरी चालेल.